तात्यांचा अर्धा पासवर्ड

तात्या गेले ती सकाळ मी त्यांना शिव्या देण्यात घालवली. मनातल्या मनात, पण मनापासून. नीरेकाठी आमच्या उपसा सिंचन संस्थेची एक खोली आहे, नदीचं पाणी उचलणाऱ्या जॅकवेलला खेटून. रोज सकाळी आम्ही दोघांनी तिथं जायचं, कॉम्प्युटर उघडायचा, त्या दिवशी कुणाच्या रानाला पाणी जाणार त्याचा कागद छापायचा आणि आपापल्या घरी परतायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी पाळी आमच्या वरच्या वस्तीची निघणार होती. मी येऊन बसलो होतो, पाणी सोडणारा पाटकरी महादू दारात उभा होता, मोटरी बंद होत्या आणि खालच्या वस्तीचे रंगनाथतात्या काही येत नव्हते. उन्हाळ्याचे दिवस, रानातली ढोबळी मिरची माना टाकायला लागलेली. "आमची पाळी म्हटलं की म्हाताऱ्याला बरोबर उशीर होतो," असं मी महादूला ऐकू जाईल इतपत पुटपुटलो. तेवढ्यात महादूचा फोन वाजला. तो नुसताच ऐकत राहिला, मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आबा, तात्या गेलं."

"गेलं? कुठं गेलं?" मी उसळलो. माझ्या डोळ्यांसमोर आधी इंदापूरच आलं. कुठल्या तरी कार्यालयात जाऊन माझ्याविरुद्ध अर्ज देत बसले असणार, असंच वाटलं. महादूनं डोक्यावरची टोपी काढली तेव्हा मला उमगलं. दोडक्याच्या मांडवाखाली वेल बांधता बांधता तात्या खाली बसले होते, ते उठलेच नाहीत...  समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर पासवर्डाचे दोन चौकोन. एक माझा, एक त्यांचा. आणि रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हेच, की ह्यांचा अर्धा आता कुणाला ठाऊक?

वाचकांना हे विचित्र वाटेल, म्हणून जरा मागं जातो. कळंबच्या अलीकडं नीरेवरून पाणी उचलून आमच्या दोन वस्त्यांना देणारी ही योजना. वरची वस्ती आमची, खालची तात्यांची. पाणी एकच, मोटरी त्याच, पाइप तोच, आणि रानं मात्र दोन्हीकडची कायम तहानलेली. पूर्वी पाळ्या पंपहाऊसच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहीत. संध्याकाळी लिहिलेलं नाव सकाळी तेच असेल याची खात्री नसे. वरचे म्हणत खालच्यांनी पुसलं, खालचे म्हणत वरच्यांनी. खरं म्हणजे दोघंही पुसत असणार, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. एका उन्हाळ्यात तर व्हॉल्व्हच्या पान्यानं डोकी फुटली. त्यानंतर संस्थेनं ठरवलं, की पाळ्या कॉम्प्युटरवर लावायच्या. वरच्या वस्तीतून मला नेमलं, कारण मी बारामतीत एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून उभा जन्म काढलेला. सख्ख्या भावांनी एकमेकांवर केलेले दावे टाइप करून करून माझा स्वभाव असा झाला, की कुणी नमस्कार केला तरी आधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते बघायचं. खालच्या वस्तीनं माझ्याविरुद्ध तोडीस तोड माणूस शोधला. तो म्हणजे तात्या.

तात्यांचा संशय वेगळ्याच दर्जाचा होता. दुकानातून आणलेलं बी आधी ओल्या फडक्यात घालून घरी उगवून बघायचं आणि मगच रानात टाकायचं. एसटीतून उतरल्यावरही तिकीट दुसऱ्या दिवसापर्यंत खिशात ठेवायचं, कुणी विचारलं तर? दाराकडं पाठ करून ते कधी बसले नाहीत. पहिल्या दिवशी ऑफिसात आले तेव्हा माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "टायपिस्ट म्हंजे तुमीच का? मग ध्यान ठिवायला पायजे. लिवणारं हात लई चपळ असत्यात." मी म्हटलं, "आणि बघणारे डोळे?" तर म्हणाले, "त्ये बी हायती की. दोन." इथून आमची ओळख सुरू झाली. पुढं मला त्यांनी नावानं क्वचितच हाक मारली. टायपिस्टच म्हणत.

प्रोग्राम बसवायला बारामतीहून इरफानभाई आले. भिगवण रस्त्याला त्यांचं छोटं दुकान आहे, माणूस शांत आणि समजावून सांगायची हौस असलेला. दोन्ही वस्त्यांची माणसं खोलीत दाटीवाटीनं उभी. इरफानभाई म्हणाले, "हे बघा, हा प्रोग्राम म्हणजे तुमची मोटर. डेटाबेस म्हणजे विहीर. कुणाची पाळी कुठवर आली, कुणाची लाइट गेल्यामुळं हुकली, सगळं त्यात साठणार. आणि कनेक्शन म्हणजे मधला पाइप. प्रोग्रामला तीन गोष्टी सांगायच्या. विहीर कुठं आहे, कुठल्या नावानं जायचं आणि पासवर्ड काय. हे जुळलं की पाणी चालू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून तात्यांचा आवाज आला, "आन् मधीच कुणी टी जोडला तर?"

सगळे हसले. आमच्याकडं दुसऱ्याच्या पाइपला टी जोडून पाणी पळवणं ही काही ऐकीव गोष्ट नाही. इरफानभाई मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर विचारलंत. म्हणून तर पासवर्ड." त्यावर तात्या म्हणाले, "त्यो कुणाकडं ऱ्हानार?" वरच्या वस्तीकडं म्हटलं तर खालचे कॉम्प्युटर नीरेत टाकणार, खालच्यांकडं म्हटलं तर आम्ही. इरफानभाईंकडं ठेवावा तर तो परका माणूस, उद्या कुणाचा चहा पिऊन काय करील कोण सांगावं. (हे शेवटचं मी म्हणालो होतो, त्यांच्या देखत.) तेव्हा तात्यांनीच तोड काढली. "आमच्या सामाईक हिरीवर स्टार्टरच्या पेटीला दोन कुलपं हायती. एक माजं, एक भावाचं. दोघं आल्याबिगर मोटर चालू हुईत न्हाय. तशी दोन कुलपं ह्याला बी लावा."

इरफानभाईंनी डोकं खाजवलं, पण करून दिलं. प्रोग्राम उघडला की दोन चौकोन यायचे. पहिल्यात वरच्या वस्तीनं आपला अर्धा पासवर्ड टाकायचा, दुसऱ्यात खालच्या वस्तीनं आपला. प्रोग्राम ते दोन्ही जोडून डेटाबेसचं दार उघडणार. पहिला चौकोन कुणाचा यावर एक आख्खी बैठक गेली ते सोडा. पण खरी गंमत कनेक्शन जोडायच्या दिवशी झाली. आम्ही दोघांनी आपापला अर्धा पक्का करायचा होता, म्हणजे एकदा टाकायचा आणि खात्रीसाठी तोच परत टाकायचा. मी पाठ वळवून चटकन टाकला. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, कीबोर्डवर पांघरला, त्याखाली हात घातले आणि चाचपडत टाइप केलं. मला दिसू नये हा हेतू सफल झाला, पण त्यांनाही काही दिसलं नाही. दुसऱ्यांदा टाकलेलं पहिल्याशी जुळेना. पुन्हा टॉवेल, पुन्हा चुकलं. इरफानभाई म्हणाले, "तात्या, टॉवेल काढा, आम्ही सगळे बाहेर जातो." तर म्हणाले, "आन् खिडकी?" खिडकीला पोतं लावलं. दुपारची जेवणं होऊन गेली तेव्हा कुठं कनेक्शन लागलं. जाताना इरफानभाईंनी बजावलं, की विसरलात तर मीही काही करू शकणार नाही, इतक्या दिवसांच्या पाळ्या आत अडकतील आणि सगळं नव्यानं भरावं लागेल. नव्यानं भरायचं म्हणजे नव्यानं भांडायचं, हे सगळ्यांना कळलं.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही एकमेकांना बांधले गेलो. एकजण नसला तर त्या दिवशी कुणालाच पाणी नाही. त्यामुळं ना मला चार दिवस कुठं राहायला जाता येई ना तात्यांना. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न लोणी भापकरला होतं, तर नवरीचा बाप डोक्याला फेटा बांधून सकाळी आधी ऑफिसात हजर. कपाळाला कुंकू, हाताला हळद, आणि कीबोर्डवर पिवळी बोटं. "पाव्हणे वाट बघत असतील," मी म्हटलं. "बघू द्यात. तुमाला एकट्याला कसं सोडणार?" म्हणाले आणि गाडीत बसून गेले. मी दुपारी लग्नाला गेलो तर पंगतीत माझ्याशेजारी येऊन बसले, जिलेबीचा आग्रह केला आणि हळूच विचारलं, "मी गेल्यावर किती येळ बसला हुता तितं?" माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हिरवी पट्टी बांधून गेलो. तात्यांनी पट्टी नीट न्याहाळली. म्हणाले, "खरंच कापलंय का पट्टीच्या आडून बघताय?" आणि मग परत जाताना रस्ता उतरणीचा म्हणून माझा दंड धरून वरच्या वस्तीच्या फाट्यापर्यंत सोडायला आले.

एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्यावरून मी तात्यांना पक्कं बेरकी ठरवलं होतं. ते टाइप करत तेव्हा मी भिंतीकडं तोंड करायचो, तसा करारच होता. पण टायपिस्टच्या कानांना कोण भिंत घालणार? खट खट किती वेळा वाजलं ते मला न मोजताही कळायचं. पहिले काही महिने ते रोज सारखं वाजलं. मग मध्येच बदललं. एखाद्या दिवशी तीनचारच खटके आणि झालं. एखाद्या दिवशी मोठा परिच्छेद लिहावा तसं बराच वेळ. पासवर्ड तर रोज तोच असणार. मग हा माणूस माझ्या कानांना फसवायला मुद्दाम जास्त अक्षरं टाकतो आणि पुसतो, असा निष्कर्ष मी काढला. मनातल्या मनात दादही दिली. वकिलाच्या ऑफिसात इतका बिलंदर अशील मी पाहिला नव्हता.

मधे तात्यांच्या छातीत दुखलं, बारामतीत नेऊन काही नळ्या बसवल्या. दवाखान्यातल्या दिवसांत कुणालाच पाणी मिळालं नाही; सुटल्यावर ते मोटारसायकलवर मागं बसून यायचे, तोंड पांढरंफटक, पण यायचे. मी एकदा म्हटलं, "तात्या, तुमच्या मुलाला सांगा की तुमचा अर्धा. तो येईल." माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांचं घरच मागितलं. "पोरगं भोळं हाय. कुणी बी गोड बोलून काढून घील." मी मनात म्हटलं, कुणी बी म्हणजे मीच. आणि या इतक्या वर्षांत मी त्यांचा अर्धा ओळखायचा प्रयत्न केला का? देवाशप्पथ नाही. मी एकटा त्या खोलीत अनेकदा बसलो असेन, पण त्या दुसऱ्या चौकोनात बोट घातलं नाही. सज्जन आहे म्हणून नव्हे. तात्यांनी तिथं काहीतरी सापळा लावलेला असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तर असे तात्या गेले आणि मागं बंद कॉम्प्युटर राहिला. मातीला सगळा गाव होता, वरची वस्तीसुद्धा. पण स्मशानातून परततानाच कुजबुज सुरू झाली. आमच्याकडचे म्हणाले, म्हातारा जाता जाता आमचं पाणी बांधून गेला. त्यांच्याकडचे म्हणाले, टायपिस्टनं इतकी वर्षं कान लावून त्यांचा अर्धा कधीच काढलेला असणार, आता साळसूदपणा करतोय. पुन्हा तो जुना फळा पुसून खडूनं पाळ्या लिहिल्या. दुसऱ्याच दिवशी दोन नावं बदललेली. महादूनं व्हॉल्व्हचा पाना घरी नेऊन ठेवला, न जाणो पुन्हा कुणाच्या डोक्यात बसायचा. मी इरफानभाईंना फोन केला, तर ते म्हणाले, "येतो. पण दोन्ही वस्त्या समोर असल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावणार नाही." खालच्या वस्तीचा माणूस तेराव्याआधी नेमता येत नव्हता. आणि त्यांचा आवाज फोनवर मला जरा जास्तच शांत वाटला. ह्याला काहीतरी माहीत आहे आणि हा लपवतोय, हे मी तेव्हाच ताडलं.

दहाव्याला मी तात्यांच्या घरी गेलो. सुमनवहिनी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. भोवती खालच्या वस्तीतली चारचौघं. कुणीतरी विचारलंच, "वयनी, तात्या कवा काय बोललं हुतं का त्या पासवर्डाचं?" वहिनींनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "मी इचारलं हुतं त्यास्नी. दवाखान्यात हुतं तवा. म्हनलं, तुमचं काय बरंवाईट झालं तर पान्याचं काय हुईल? तर म्हनाले, टायपिस्टकडं जा. त्येच्याकडं सगळं हाय."

सोप्यातली सगळी डोकी माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "वहिनी, माझ्याकडं माझा अर्धा आहे. त्यांचा नाही." त्या म्हणाल्या, "भावजी, मी आपलं ऐकलं त्ये सांगितलं." कुणीतरी खाकरलं. कुणीतरी उठून बाहेर जाऊन थुंकलं. मी उभा राहिलो, चप्पल शोधली, एकच सापडेना. घरी जाताना माझे कान तापले होते. मरून दहा दिवस झालेल्या माणसाशी मी रस्ताभर भांडलो. तात्या, जिवंतपणी जमलं नाही ते मेल्यावर साधलंत, म्हटलं. भर सोप्यात मला चोर ठरवून गेलात. आजवर कुणी माझ्या टाइप केलेल्या कागदात एका अक्षराची लबाडी दाखवली नव्हती. नाव म्हणून माझ्याकडं तेवढंच होतं, आणि तेच आता खालच्या वस्तीच्या तोंडी लागलं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इरफानभाई आले. खालच्या वस्तीनं सुमनवहिनींना नेमलं होतं, त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणावर त्यांचं एकमत होत नव्हतं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, खिडकीच्या गजांना माणसं लोंबलेली. इरफानभाईंनी कॉम्प्युटर चालू केला आणि मला म्हणाले, "आबा, तुमचा अर्धा टाका." मी टाकला. "आता दुसऱ्या चौकोनात काहीही टाका." मी म्हटलं, "काहीही म्हणजे?" "काहीही. मनाला येईल ते." माझी बोटं चालेनात. शेवटी मी एकच अक्षर दाबलं आणि बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला... आणि पाळ्या समोर आल्या. तात्या गेले त्याच्या आदल्या दिवसापर्यंतच्या, जशाच्या तशा.

आधी कुणाला समजलंच नाही. मग एकदम गलका उठला. "म्हंजे हा एकटाच उगडत हुता व्हय इतकी वर्सं!" कुणीतरी माझ्या खुर्चीची पाठ धरून हलवली.   इरफानभाई उठून उभे राहिले, त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. म्हणाले, "थांबा! कनेक्शन कधी लागलं, कितीदा लागलं, दुसरा चौकोन भरलेला होता का रिकामा, सगळं प्रोग्राम लिहून ठेवतो. या, बघा." एकेक पान वर सरकवत त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. तात्या दवाखान्यात होते ते दिवस सोडले तर रोज सकाळी एकदा. पुन्हा दिवसभरात नाही. दुसरा चौकोन नेहमी भरलेला. माझ्या ऑपरेशनाचा आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचासुद्धा दिवस त्यात होता. खुर्चीवरचा हात निघाला. 

मग इरफानभाईंनी सांगितलं ते असं. छातीचं दुखणं झाल्यावर तात्या एकटे एसटीनं बारामतीला त्यांच्या दुकानात गेले. म्हणाले, मी मेलो तर पाणी अडकंल, तर माजा अर्धा काढून टाका, टायपिस्टच्या एकट्याच्या अर्ध्यावर चालू द्या. पण दुसरा चौकोन तसाच ठेवा. इरफानभाईंनी विचारलं, "मग तुम्ही रोज जाणार नाही?" "जाणार की! न्हाय गेलो तर त्येला संशय यील." त्यांनी प्रिंटर बघायच्या निमित्तानं येऊन प्रोग्राम बदलला, आणि दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी नेहमीसारखं टाइप केलं तेव्हाच आतलं कुलूप माझ्या एकट्याच्या किल्लीचं झालं. इरफानभाईंना हे पचत नव्हतं. ते तात्यांना म्हणाले होते, "अहो, पण त्या माणसावर तुमचा एवढा विश्वास?" तर तात्या म्हणाले, "त्यो मानूस सोतावर बी इस्वास ठेवत न्हाय. चोरी करायची तर सोतावर तरी इस्वास लागतो का न्हाय?"

खोलीत हशा पिकला. मी सोडून. मी विचारलं, "आणि ही नोंद? ते बघत होते का, मी एकटा उघडतो का म्हणून?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला याचं मला आज आश्चर्य वाटत नाही, माझा स्वभावच तो. वाटलं, अजूनही सापळा निघावा. सापळा निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. इरफानभाई म्हणाले, "मी दोनदा विचारलं त्यांना, छापून देऊ का म्हणून. म्हणाले, कशाला? बघायचीच असती तर माजा अर्धा काढला असता का?"

मला तिथं रडू फुटलं. वरची वस्ती, खालची वस्ती, सगळ्यांच्या देखत. सुमनवहिनी पुढं आल्या आणि माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. मग हळूहळू मला एकेक कळत गेलं. ते कमीजास्त वाजणारे खटके आठवले. ते माझ्या कानांना फसवत नव्हते. ते तिथं वाट्टेल ते लिहीत होते. आमचं भांडण झालेल्या सकाळी खटके जास्त वाजायचे, हेही आता ध्यानात येतं. काय लिहीत असतील? इरफानभाई म्हणतात, दुसऱ्या चौकोनातलं कुठंच साठवलेलं नाही. पण मला खात्री आहे, त्या शिव्याच असणार.

बैठकीनं ठरवलं, की आता पुन्हा दोन खरे अर्धे करायचे, एक माझा, एक वहिनींचा. तसे झाले. वहिनींनी टॉवेल घेतला नाही. एका बोटानं, सावकाश, ओठ हलवत टाइप केलं. पाळ्या पुन्हा सुरू झाल्या, फळा भिंतीवरून उतरला, महादूनं पाना परत आणला. लोक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले, ते मला अजून खुपतं. आणि मला झोप लागेना. वस्तीवर कुणी मला विचारलं असतं, की तात्यांवर तुमचा विश्वास होता का, तर मी काय सांगितलं असतं? नव्हता. मी त्याबद्दल माफी मागणार नाही. संशय होता म्हणून तर आम्ही रोज भेटलो, नाहीतर दोन वस्त्यांतल्या दोन म्हाताऱ्यांना कोण भेटवतं? पण मी कसा आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते कसे आहेत हे मला नव्हतं. एवढं एक तर मी त्यांच्याकडून हरलो.

मागच्या आठवड्यात मी एसटीनं बारामतीला गेलो. इरफानभाई दुकानात एकटेच होते. मी म्हटलं, "माझा अर्धा काढून टाका. सुमनवहिनींच्या एकट्याच्या अर्ध्यावर चालू द्या." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "आबा, तुमची वस्ती तुम्हाला सोडणार नाही." म्हटलं, "नोंद राहतेच आहे ना? ज्याला बघायची त्यानं बघावी." परवा ते येऊन प्रिंटर साफ करून गेले. प्रिंटर तसा स्वच्छच होता.

हे इथवर ठेवून गप्प बसता आलं असतं. तात्या तसेच बसले, रोज समोर, रोज माझ्या नजरेला नजर देऊन. पण मला तात्यांचं तेवढं एक पटलेलं नाही. त्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास मला कळला तो ते गेल्यावर, सगळ्या गावासमोर. त्यांच्याशी त्यावरून भांडायला, चार शब्द सुनवायला, एक कप चहा पाजायला मला ते राहिलेच नाहीत. म्हणून हे सगळं मी लिहून पेपरला पाठवलंय. ती पुरवणी रविवारी महादू तुम्हाला वाचून दाखवील तेव्हा ऐका, वहिनी. तुम्ही रोज टाकता तो आता अर्धा नाही, तोच सगळा आहे. राग आला असेल तर सोमवारी सकाळी या आणि माझ्याशी भांडा. मी ऑफिसात आहे.